तो तक्ता आधी उतरवा, बाई

पत्र:

मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट तेवीस. यंदा प्रशिक्षणात आम्हाला एक प्रश्नावली दिली. तिच्यावरून प्रत्येक मूल पाहून शिकणारं, ऐकून शिकणारं की करून शिकणारं ते ठरवायचं आणि तसा तक्ता वर्गात लावायचा. ‘हे संशोधनातून सिद्ध झालंय’ असं सांगितलं. मी प्रामाणिकपणे तक्ता केला.

तिसरीतला एक मुलगा आहे, त्याला सोमा म्हणू. आईवडिलांबरोबर आठवडी बाजारात भाजी विकायला बसतो. गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी चटकन करतो. वहीत मात्र हातचा विसरतो आणि वाचताना जोडाक्षरापाशी अडतो. तो ‘ऐकून शिकणारा’ निघाला. मागच्या आठवड्यात त्याची आई म्हणाली, “बाई, याला पुस्तक कशाला आता? तुम्हीच तर भिंतीवर लिवलंय, याला वाचून येत नाही म्हणून.” मला रात्रभर झोप नाही.

आमचे सहशिक्षक म्हणतात, दर दोन वर्षांनी नवं संशोधन येतं नि जुनं खोटं ठरतं, आपण हजेरीपटावर सही करायची आणि गप्प बसायचं. मला तसं वाटत नाही, पण त्यांना उत्तरही देता येत नाही. इंग्रजी लेख वाचण्याइतकं माझं इंग्रजी नाही. संशोधनावर विश्वास ठेवायचा का? ठेवायचा तर कोणत्या?

ता. क. माझा भाचा नववीत आहे. गणितं मोबाइलवरच्या एआयकडून सोडवून घेतो आणि ‘समजलं’ म्हणतो. हे बरं की वाईट?

उत्तर:

प्रिय बाई,

तुमची मुलं तुम्हाला बाई म्हणतात म्हणून मीही तेच म्हणते. आमच्या वेळी सगळ्या बाईच असायच्या, मॅडम नंतर आल्या.

आधी तो तक्ता उतरवा. उद्या, परिपाठाच्या आधी. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

मग सोमाच्या आईला भेटा आणि सरळ सांगा, “मी भिंतीवर लिहिलं होतं ते चुकीचं होतं.” आपल्याला पालकांपुढे हे वाक्य उच्चारायची सवय नाही, जीभ जड होते, पण म्हणाच. संशोधन वगैरे काही समजावत बसू नका. जोडाक्षर नसलेला, त्याला वाचता येईल असा चार ओळींचा उतारा त्याच्या हातात द्या आणि आईसमोर वाचून घ्या. तिला तुमच्या खुलाशापेक्षा पोराचा आवाज लवकर पटेल.

आता माझी एक कबुली. निवृत्तीपूर्वी मी शिक्षकांची प्रशिक्षणं घेत असे, आणि हा डोळा-कान-हाताचा धडा मी स्वतः कितीतरी वेळा दिलेला आहे. पारदर्शक पट्टीवर तीन चित्रं काढली होती. जेवणानंतरचं सत्र असूनही कुणी पेंगत नसे, इतकं ते सगळ्यांना आवडायचं. जो तो आपला स्वतःचा प्रकार शोधण्यात गुंग. मी ते एका पुस्तिकेत वाचलं होतं, पुस्तिकेनं आणखी कुठून उचललं होतं, आणि मूळ पुरावा काय हे विचारायचं मला सुचलंही नाही. तेव्हा तुमच्या भिंतीवरच्या तक्त्याला थोडा डिंक माझाही लागलेला आहे.

पुरावा काय आहे ते आता सांगते. २००४ साली ब्रिटनमध्ये या विषयाचा मोठा आढावा घेतला गेला. शिकण्याच्या ‘शैली’ सांगणाऱ्या किती पद्धती बाजारात आहेत हे त्यांनी मोजलं तर ७१ निघाल्या! मूल नेमकं कोणत्या शैलीचं यावर त्यांचंच एकमत नाही. मग २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि आणखी तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी साधा प्रश्न विचारला: हे खरं असेल तर काय दिसायला हवं? ‘कान’वाल्या मुलांना ऐकवून शिकवलं तर त्यांना जास्त यायला हवं, आणि तेच ऐकवणं ‘डोळा’वाल्यांना कमी उपयोगी पडायला हवं. दोन्ही बाजूंनी उलटसुलट तपासायला हवं. असं नीट तपासलेले प्रयोगच फार थोडे निघाले, आणि जे होते त्यांत दाव्याला धरून ठोस काही हाती लागलं नाही.

थोडा विचार केला तर आपल्यालाही हे कळण्यासारखं आहे. महाराष्ट्राचा नकाशा कुणालाही पाहूनच कळतो. ओवीची चाल कानानंच कळते. गाठ मारायला हातानंच शिकतात. कोणती वाट धरायची हे शिकायच्या गोष्टीवर ठरतं, मुलाच्या जन्मजात प्रकारावर नाही. मुलं एकसारखी नसतात हे अगदी खरं, आणि तेवढ्या खऱ्यावरच हा दावा तगून आहे. पण वर्गात कामाचा फरक असतो तो कुणाला आधीपासून काय येतं आणि काय येत नाही याचा.

इथं सोमाकडे येऊ. तो तोंडी हिशेब करतो म्हणून प्रश्नावलीनं त्याला कानाच्या रकान्यात टाकला. मला वाटतं, तुमच्या पत्रातलं खरं सोनं त्या बाजारात आहे.

१९८५ सालची गोष्ट. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तीन संशोधक रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांकडे गिऱ्हाईक म्हणून गेले. मुलं फक्त पाच, वय ९ ते १५. एका मुलाला विचारलं, दहा नारळांचे किती? एका नारळाला ३५. पोरानं सांगितलं: तीनाचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, अजून चार हवेत… ३१५… ३५०. पाढा नाही, शून्य लावणं नाही, तरी उत्तर चोख. या मुलांची बाजारातली शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर आली. नंतर तीच आकडेमोड कागदावर, शाळेच्या उदाहरणासारखी दिली, तेव्हा बरोबर उत्तरं शंभरात छत्तीस-सदतीसवर घसरली. एका पोरानं चार नारळांचे १४० तोंडी बरोबर सांगितले होते. कागदावर ३५ गुणिले ४ करताना तो म्हणाला: चार पंचे वीस, हातचे दोन, दोन नि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००.

हातचा! तुमचा सोमा आणि तो पोरगा एकमेकांना भेटले असते तर बरं झालं असतं.

हा पाच मुलांचा अभ्यास म्हणून बाजूला ठेवता आला असता. पण २०२५ च्या सुरुवातीला ‘नेचर’ या विज्ञानाच्या मोठ्या नियतकालिकात आपल्याकडचाच अभ्यास आला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी चौदाशेहून अधिक मुलं तपासली. किलोच्या भावावरून आठशे ग्रॅमचे पैसे काढायचे, दुसऱ्या भाजीचे त्यात मिळवायचे, नोट दिली तर सुटे किती द्यायचे, हे सगळं मुलं कागदपेन्सिलीशिवाय करत होती. शाळेच्या पुस्तकातला साधा भागाकार समोर ठेवला की तीच मुलं अडत. यावर आपण चटकन म्हणू, शाळेत जात नसतील. तर बरीचशी जात होती. दुसरी बाजू आणखी बोचरी आहे. बाजारात काम न करणाऱ्या, शाळेतल्या मुलांना पुस्तकी उदाहरणं येत होती, पण बाजारातला हिशेब दिला की ती गडबडत. जे बाजारातलं पोर मनात करतं ते करायला त्यांना कागद, बोटं, रेघोट्या लागत.

म्हणजे बाजार आणि शाळा ही मुलाच्या डोक्यात दोन वेगळी गावं आहेत, आणि मधला रस्ता आपण बांधलेला नाही. सोमा ‘प्रकार’ नाही. तो रस्त्याच्या पलीकडे उभा आहे, इतकंच.

रस्ता बांधायला काय करायचं? तुमच्या जागी मी असते तर एक दिवस त्यालाच विचारलं असतं: “वांगी साठ रुपये किलो. पाऊण किलोचे किती?” तो म्हणेल, अर्ध्याचे तीस, पावाचे पंधरा, पंचेचाळीस. तो म्हणेल तसं, त्याच्याच क्रमानं, फळ्यावर लिहा: ३० + १५ = ४५. मग त्याच्याखाली पुस्तकातली रीत लिहा आणि पोरांना विचारा, यातला तीस कुठे लपलाय, पंधरा कुठे गेला. हातच्याचंही तसंच. ३५ चे चार म्हणजे तीसचे चार १२० आणि पाचाचे चार २०; तो वीसातला दोन म्हणजे दोन दशक, नुसता दोन नव्हे. सोमाला हे माहीत आहे, फक्त चिन्हांमध्ये माहीत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ असायची. ती पुन्हा घोकून घ्या असं मी म्हणत नाही. पण अपूर्णांक बाजारातूनच शाळेत आले होते, हे आपल्या भाषेला चांगलं आठवतंय.

वर्गात बाजार मांडा असं पाठ्यक्रमात असतंच, आपण कागदी नोटा करून ते एक दिवस साजरंही करतो. पण साजरं करून भागत नाही. तोंडी रीत फळ्यावर उतरवणं हे महत्त्वाचं काम आहे, आणि नेमकं तेच आपण वगळतो.

आता त्याचं वाचन. इथं मी थोडी सावध होते, कारण वाचनावरचं जगातलं बहुतेक संशोधन इंग्रजीवर झालेलं आहे. ‘ध्वनी आधी शिकवा’ हा सध्याचा मोठा बोलबाला तिकडूनच आलाय. इंग्रजीत सव्वीस अक्षरं आणि त्यांच्या आवाजांचा गोंधळ. मराठीत आवाज बऱ्यापैकी सरळ, पण चिन्हांची भली मोठी फौज. बाराखडी धरली तर शेकड्यांनी आकार ओळखावे लागतात, जोडाक्षरं वेगळीच. ‘कि’ म्हणताना क आधी उच्चारतो, पण वेलांटी लिहितो क च्या आधी. ‘सूर्य’ मधला र आधी ऐकू येतो, रफार मात्र य च्या डोक्यावर बसतो. आपल्याला हे दिसेनासं झालंय, पोराला दिसतं. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. अक्षरांवर पुरता ताबा यायला मुलांना पहिलीचं एक वर्ष पुरत नाही, हे काम पार चौथीपर्यंत चालतं असं त्यात दिसलं. कन्नडची अक्षरव्यवस्था आपल्यासारखीच आहे. तेव्हा तिसरीतलं मूल जोडाक्षराला अडतं, यात वेगळं काही नाही. तो फक्त वाटेवर आहे.

तुमच्या शेजारचा अभ्यास तर यापेक्षा जवळचा. २०१३ ते २०१६ या काळात पालघर जिल्ह्यातला वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथं शाळेतली मुलं पहिलीपासून तिसरीपर्यंत वाचायला-लिहायला कशी शिकतात हे संशोधकांनी वर्षानुवर्षं पाहिलं. वाड्याची बरीचशी मुलं आदिवासी घरांतली, घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची मराठी वेगळी. तुमच्या पेठेत घरोघरी कोकणा बोलतात, तेव्हा तुम्हाला मी काय सांगणार. त्या अभ्यासात दिसलं ते असं: वर्गाचा मोठा वेळ अक्षरं गिरवण्यात, उतरवून घेण्यात जातो. वाचलेल्याचा अर्थ, त्यावर बोलणं, आपल्या मनचं लिहिणं हे ‘नंतर’साठी राखून ठेवलं जातं आणि ते नंतर येतच नाही. सोमाला रोज दहा मिनिटं मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवा आणि त्याच्या बोलीत त्यावर बोलू द्या. जोडाक्षरांचा सराव वेगळा, थोडा थोडा, रोज. दोन्ही हवं. एकाच्या बदल्यात दुसरं नको.

तुमच्या सहशिक्षकांचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही. त्यांचा वैताग खरा आहे, फक्त तो चुकीच्या माणसावर निघतोय. दर दोन वर्षांनी बदलतं ते संशोधन नसतं, प्रशिक्षणाचं पाकीट असतं. एखादा अभ्यास कुठल्या मुलांवर, किती दिवस, कशाच्या तुलनेत झाला या अटी मूळ लेखात असतात. लेखावरून पुस्तक होतं तेव्हा निम्म्या अटी गळतात. पुस्तकावरून भाषण, भाषणावरून चित्रफीत, चित्रफितीवरून आपल्या हातात आलेला रकान्यांचा कागद. तिथवर एकच वाक्य उरतं, ‘संशोधनानं सिद्ध’. आणि संशोधकांचाही दोष आहेच. २०१४ मध्ये दोघा अभ्यासकांनी शिक्षणाच्या आघाडीच्या शंभर नियतकालिकांचा आजवरचा साठा चाळला, तर आधीचा प्रयोग पुन्हा करून पाहणारे लेख भरले ०.१३ टक्के. हजारात एखादा. नव्याची हौस तिकडेही आहे.

म्हणून ‘हे संशोधन आहे का’ असं विचारू नका. कशाच्या तुलनेत, कोणत्या मुलांवर आणि किती दिवसांनी मोजलं, हे विचारा. पुढच्या प्रशिक्षणात हात वर करून विचारा, मराठीतच. इंग्रजी येत नाही म्हणून यात काही अडत नाही.

‘कोणत्या मुलांवर’ याचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. केनियाच्या खेड्यांतल्या शाळांत पुस्तकं नव्हती, म्हणून पुस्तकं वाटली आणि मोजलं. याहून निर्विवाद मदत कोणती? तरी सरासरी गुण वाढले नाहीत. फक्त आधीच पुढे असलेल्या मुलांचे वाढले. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि इंग्रजी बहुतेकांची तिसरी भाषा. पुस्तक वाईट नव्हतं, ते समोरच्या मुलासाठी लिहिलेलं नव्हतं.

‘किती दिवसांनी’ याचं उदाहरण तर थेट तुमच्या-माझ्या प्रशिक्षणांवर बोट ठेवतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ टक्क्यांना ७५. आठवड्यानं विचारलं तर पारडं फिरलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. पाच मिनिटांवर थांबलो असतो तर आपण उलटाच सल्ला दिला असता. आणि प्रशिक्षण संपताना आपल्याकडून अभिप्रायाचा कागद भरून घेतात तो किती मिनिटांनंतर? संध्याकाळी दिवा लावल्यावर परवचा म्हणायला बसवायचे, त्यात आठवणं होतं, फक्त भीतीही होती. भीती वगळून आठवणं ठेवा. तासाच्या सुरुवातीला ‘काल काय झालं होतं, पुस्तक न उघडता सांगा’, एवढं पुरे.

विश्वास ठेवण्यासारखं काही आहे का, असं तुम्ही विचारलंत. आहे, आणि ते मुंबईतच सुरू झालं. मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत वस्तीतल्याच, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमलं. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोन तास वेगळी बसवायची आणि जिथं ती आहेत तिथून शिकवायचं. याची चाचणी चिठ्ठ्या टाकून शाळा निवडून झाली आणि २००७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. बालसखीकडे गेलेली मुलं सुधारली. मागे उरलेल्या वर्गात पट कमी झाला तरी तिथल्या मुलांना त्याचा फारसा लाभ दिसला नाही. पुढे हरियाणात सरकारी शिक्षकांनीच रोज एक तास इयत्ता मोडून पातळीप्रमाणे मुलं बसवली, तेव्हा हिंदी वाचन सुधारलं, गणितात मात्र फरक पडला नाही. बिहार आणि उत्तराखंडात नुसतं शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, वेगळा तास काढला नाही, तिथं फारसं काही घडलं नाही. हरियाणात आणखी एक गोष्ट झाली होती. आपल्याकडे जे केंद्रप्रमुख, तशा पदावरच्या लोकांनी आधी पंधरा-वीस दिवस स्वतः वर्ग घेतले होते आणि मग शिक्षकांना सांगायला गेले. हे वाक्य तुम्ही मोठ्यानं वाचा असं मी म्हणणार नाही. पण शिक्षण परिषदेत कुणीतरी वाचावं.

तुमची शाळा द्विशिक्षकी, चार इयत्ता दोघांत, हे कुणालाही गाऱ्हाणं वाटेल. इथं ते तुमच्या पथ्यावर पडतं. इयत्ता मोडायला तुम्हाला कुणाची परवानगी नको. रोज एक तास: अक्षर ओळखणारी, शब्द वाचणारी, उतारा वाचणारी, गोष्ट वाचणारी, असे गट. मुलांचं वाचन आणि गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीच्या चाचणीतल्या याच पायऱ्या आहेत, एका मुलाला पाच मिनिटं लागतात.

पण सांभाळा. पातळीचाही तक्ता होतो, आणि तो भिंतीवर गेला की सोमाची आई पुन्हा तुमच्या दारात. ‘प्रकार’ मुलाला कायमचा चिकटवतो. पातळी सोडून जाण्यासाठी असते. म्हणून ही नावं टाचणवहीत ठेवा, आणि पेन्सिलीनं लिहा. दर तीन आठवड्यांनी पुन्हा वाचून घ्या आणि खोडा. महिनाभर एकही नाव खोडलं गेलं नाही तर चूक आपल्या तासात आहे.

तुमच्या सहशिक्षकांना मी एक काम देते. आधी तुम्ही वीस जोडाक्षरी शब्द काढा. चिठ्ठ्या टाकून दहा-दहाच्या दोन याद्या करा. पहिली यादी मुलांनी पाच-पाच वेळा उतरवून काढायची. दुसरी बघायची, झाकायची, आठवून लिहायची, ताडून पाहायची. वेळ दोन्हींना सारखा, मुलंही तीच. कोणती यादी कशी शिकवली हे सहशिक्षकांना सांगू नका. आठवड्यानं, काही न सांगता वीसही शब्दांचं श्रुतलेखन घ्या आणि वह्या त्यांनाच तपासायला द्या. निकाल काय येईल याचा मला अंदाज आहे, पण तो मी मुद्दाम लिहीत नाही. तेवीस मुलांवरून जगाला काही सिद्ध होणार नाही. तुमच्या शाळेला मात्र चालेल, आणि गप्प बसणाऱ्या माणसाला आकडे मोजायला बसवण्याची मजा वेगळीच.

केंद्रप्रमुखांनी तक्ता कुठे आहे म्हणून विचारलं तर भांडू नका. टाचणवही पुढे करा आणि म्हणा, कोण कुठवर वाचतं ते यात तारीखवार आहे. बहुतेक साहेबांना रकाना भरलेला दिसला की पुरतो, कोणता रकाना याची ते फार चौकशी करत नाहीत. उतरवलेल्या तक्त्याची मागची बाजू कोरी असेल. कार्डशीट महाग झालीय, फेकू नका. त्यावर सोमाचा पाऊण किलोचा हिशेब मोठ्या अक्षरांत लिहा.

तुमची बाई

ता. क. भाच्याबद्दल. तुर्कस्तानात उच्च माध्यमिकच्या जवळजवळ हजार मुलांवर गणिताचा असाच प्रयोग झाला, २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना साधा एआय दिला होता त्यांची सरावातली उत्तरं ४८ टक्क्यांनी सुधारली. तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा त्यांना, कधीच एआय न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्के कमी गुण पडले. उत्तर न देता फक्त पुढची खूण सांगणारा एआय ज्यांना दिला, त्यांचं हे नुकसान जवळपास टळलं. भाच्याला म्हणावं, ‘समजलं’ की मोबाइल पालथा घाल आणि तेच गणित कोऱ्या कागदावर सोडवून आत्याला दाखव. आत्या की मावशी? पत्रात कळलं नाही.